कमळातला खुबा

आमच्या घरात आधार कार्ड वेळेवर सापडत नाही आणि गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, पण मुलीच्या एक्स-रेची फाईल मी झोपेतून उठवलं तरी काढून देईन, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवली होती. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे आणि आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. फाईल कशी ठेवायची हे मला कुणी शिकवायची गरज नाही. उजवीकडे कागद, डावीकडे टिपणं, प्रत्येक पानाला नंबर, महत्त्वाच्या जागी रंगीत फ्लॅग. एक्स-रेच्या फिल्म फाईलमध्ये मावत नाहीत, म्हणून त्या खाकी पाकिटांत घालून दिवाणाच्या गादीखाली ठेवलेल्या. एक्स-रे सगळ्यांच्याच घरी गादीखाली असतात. आमच्याकडे ते तारखेप्रमाणे लावलेले होते, एवढाच फरक.

नवरा या फाईलला "तुझं दुसरं मंत्रालय" म्हणायचा. तो गुडगावला एका कंपनीत आहे आणि त्याच्या मते कुठल्याही कागदाचा फोनमध्ये फोटो काढला की विषय संपतो. या फिल्मचे फोटो मात्र त्याने काढले नाहीत, कारण मीच त्याला सांगितलं होतं, "गरज नाही. फाईल आहे."

हे सगळं सुरू झालं मुलगी चालायला लागली तेव्हा. ती एका बाजूला झुकून चालायची. सगळे म्हणाले, किती गोड, अगदी बदकासारखी. माझ्या सासूबाई तेव्हा नुकत्याच निवृत्त होऊन पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे तिरकी रेघ त्यांना लांबूनही टोचते. दोन दिवस त्यांनी नातीला नुसतं येता-जाता पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ही गोड चालत नाही, ही लंगडते. दाखवून आण."

डाव्या खुब्याचा गोळा जन्मापासूनच वाटीत नीट बसलेला नव्हता. भूल देऊन तो बसवला आणि छातीखालपासून पावलांपर्यंत प्लास्टर घातलं. एप्रिल, मे आणि जून, दिल्लीतले. पाय बेडकासारखे फाकलेले, त्यामुळे ती कुठल्याच खुर्चीत, कुठल्याच गाडीत बसायची नाही. आत खाज सुटली की ती प्लास्टरवर मुठी आपटायची आणि आम्ही आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालायचो. त्या तीन महिन्यांबद्दल मी फारसं बोलत नाही. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळा बसला, आता त्याच्यावरचं वाटीचं छप्पर वाढायला हवं. वाढलं तर देवाची कृपा, नाही वाढलं तर पाचव्या वर्षाच्या आसपास ऑपरेशन, आणि मग पुन्हा प्लास्टर. ते वाढतंय की नाही हे एक्स-रेशिवाय कळायचं नाही.

आता एक्स-रे काढायचा तो कमरेचा. मुलीची जात, आणि किरणं नेमकी तिथून जाणार. मी ऑफिसात डबा खाता खाता किरणांबद्दल मिळेल ते वाचत सुटले, आणि घाबरलेला माणूस जसा वाचतो तसंच वाचलं, म्हणजे हवं तेवढंच. शिशातून किरणं जात नाहीत, हे मला पटलं. आमच्या नोकरीत सुरक्षा म्हणजे काहीतरी लावायचं असतं. गेटवर माणूस, दाराला कुलूप, पाकिटाला सील. तेव्हा मुलीला शिसं लावलं की आपलं कर्तव्य झालं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं, आणि एकदा बसलेलं माझ्या डोक्यातून सहसा उठत नाही.

गेल्या वर्षी तपासणीची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलातलं मशीन दुरुस्तीला गेलेलं होतं, म्हणून आम्ही घराजवळच्या बाजारात, पहिल्या मजल्यावरच्या एका लहानशा सेंटरवर गेलो. तिथले टेक्निशियन पन्नाशीचे, पानाने ओठ रंगलेले गृहस्थ होते. मी शिशाची शील्ड मागितली. ते म्हणाले, "मॅडम, कूल्हे का फोटो है, बीच में शील्ड रखेंगे तो हड्डी छुप जाएगी।" मी त्यांना विचारलं, हे कुठल्या नियमात लिहिलंय? मी म्हटलं, मला लिहून द्या की तुम्ही शील्ड लावायला नकार देताय. लिहून द्या म्हटलं की भले भले नरमतात, हा माझा अनुभव. त्यांनी खणातून शिशाचा एक त्रिकोणी तुकडा काढला, रेक्झिनमध्ये शिवलेला, तळहाताएवढा, आणि मुलीच्या पोटाखाली ठेवला.

मुलगी चार वर्षांची. तिला गुदगुल्या झाल्या, ती हलली, आणि त्रिकोण घसरला तो बरोबर डाव्या खुब्यावर. फिल्म आली तेव्हा उजवीकडचं हाड न् हाड दिसत होतं आणि डावीकडे नुसता पांढराशुभ्र त्रिकोण. टेक्निशियननी ती फिल्म उजेडापुढे धरून मला दाखवली. मग शील्डशिवाय दुसरा फोटो काढला. तो एकदम स्वच्छ आला. म्हणजे माझ्या काळजीपोटी मुलीला एकाऐवजी दोनदा किरणं मिळाली. हे तेव्हाही मला कळलं असणारच, पण मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. घरी येऊन फाईलच्या डाव्या बाजूला ठणकावून टिपण लिहिलं, "तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे एक्स-रे पुन्हा काढावा लागला." खाली सही.

दोन्ही फिल्म मी एकाच पाकिटात घालून आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यातली चांगली पाहिली, "ठीक आहे, एका वर्षाने या" एवढंच कागदावर लिहिलं, फिल्म पाकिटात सरकवली आणि पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले.

इथे सासूबाईंच्या छापांबद्दल सांगायला हवं. रांगोळी त्या हातानेच काढतात आणि छाप वापरणाऱ्या बायकांना मनातल्या मनात नापास करतात. पण दर जानेवारीत मयूर विहारच्या मराठी बायकांबरोबर बसने त्या पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी रांगोळी काढायला जातात. तिथे उघड्यावर वारा असा असतो की चिमटीतली रांगोळी जमिनीला लागायच्या आधीच अख्ख्या हरयाणात फिरून येते. त्यासाठी छाप लागतो, आणि छापाला एक्स-रेच्या फिल्मसारखी दुसरी वस्तू नाही, वाकते पण मोडत नाही. दाभण गॅसवर लाल करायचं आणि चित्राच्या रेघेवर टोचत जायचं. घरभर जळकट वास सुटतो आणि नवरा सगळ्या खिडक्या उघडत फिरतो.

तर मी डॉक्टरांकडून आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ती वाया गेलेली फिल्म मला देतेस का गं?" मी फोनवर होते. संसदेच्या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळच्या आत जायचं होतं आणि माझे साहेब दर दहा मिनिटांनी फोन करत होते. मी खांद्याने फोन धरून पाकिटात हात घातला आणि वरची फिल्म ओढून दिली. आधी काढलेली ती बाद, आणि आधीची म्हणून वर, असा माझा हिशेब. खरं तर नवा कागद नेहमी वर असतो, हे मी रोज दहा फायलींत पाहते. डॉक्टरांनी पाहून परत ठेवलेली फिल्म वर असणार, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं.

सासूबाईंनी ती खिडकीशी धरून पाहिली. "अगं, हिच्यात तर हाडं छान दिसतायत."

"आई, बाद आहे ती. मी बघितलंय," मी फोनवर हात ठेवून म्हटलं. बहुतेक जरा तुसडेपणानेच.

त्यांनी ती मधोमध कापून दोन छाप केले, एक कमळाचा आणि एक गोपद्मांचा. कमळ पाहून मी त्यांची थट्टाही केली होती. ते मधोमध नव्हतं, पार खालच्या कोपऱ्यात सरकलेलं. मी म्हटलं, "चित्रकलेच्या बाईंचं कमळ कोपऱ्यात? मुलांचे तर मार्क कापायचात." त्या नुसत्या हसल्या आणि दाभण गार करायला ठेवलं.

वर्ष गेलं. मुलगी पाच वर्षांची झाली, शाळेत जायला लागली, घरात अर्धं मराठी न् अर्धं हिंदी बोलायला लागली. ऑक्टोबर आला, दिवाळी तीन आठवड्यांवर, आणि आजीने तिला कबूल केलं होतं की यंदा दारातली रांगोळी तुझी. आमची तपासणीची तारीख त्याच आठवड्यात होती. पाचवं वर्ष म्हणजे निकालाचं वर्ष, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

हॉस्पिटलातलं मशीन नवं होतं आणि ते चालवणाऱ्या बाई केरळच्या होत्या, बुटक्या, केसांत मोगरा माळलेल्या. मी पाऊल आत टाकताच विचारलं, "शील्ड लगाएँगी ना?"

"नहीं, मॅडम."

मी पदर खोचला. म्हणजे ड्रेसवर होते, पण आतून खोचला. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "हम भी सालों तक लगाते थे। अब नहीं लगाते। शील्ड खिसकती है, हड्डी छुप जाती है, फिर दोबारा फोटो। मशीन भी बीच में शील्ड देखकर किरणें बढ़ा देती है। बचाव यह है कि फोटो एक ही हो, और सही हो।" खिसकती है म्हणताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पण मला वाटलं आपलीच फाईल कुणीतरी मोठ्याने वाचतंय.

मग त्यांनी मुलीला टेबलावर झोपवलं आणि तिच्या कमरेवर दिव्याचा एक चौकोन पाडला. एक खुंटी फिरवून तो लहान लहान करत आणला, इतका की पोट बाहेर, मांड्या बाहेर, फक्त दोन्ही खुबे आत. "किरणें इस डिब्बे के बाहर नहीं जाएँगी।" ते करताना त्यांनी जीभ दातांत धरली होती, सुईत दोरा ओवताना धरतात तशी. ते पाहून माझा निम्मा राग गेला.

गेलेला निम्मा लगेच परत आला, कारण त्यांनी भिंतीवरचा शिशाचा जड एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला. मुलीचे गुडघे धरायला मी आत थांबणार होते. मी म्हटलं, हा काय न्याय आहे? मला शिसं आणि पोरीला काहीच नाही?

"बच्ची को इस फोटो से फ़ायदा है," त्या बंद बांधत म्हणाल्या. "आपको क्या फ़ायदा है? तो आपको थोड़ी-सी भी क्यों लगे?"

एवढ्या वर्षांत एवढं स्वच्छ टिपण मी एकाही फायलीवर वाचलेलं नाही. मुलगी माझ्याकडे पाहून खिदळत होती. "मम्मा, तू विकेटकीपर दिसतेस." बाईंनी तिला विचारलं, स्टॅच्यू खेळता येतं का? दिल्लीतल्या मुलांना ते विचारावं लागत नाही. "स्टॅच्यू," बाई म्हणाल्या, मुलगी दगडासारखी झाली, आत काहीतरी टक वाजलं आणि संपलं. एकच फोटो, आणि अगदी सही.

नवे डॉक्टर तरुण होते आणि फार हळू बोलायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी कॉम्प्युटरवर रेघा ओढून छपराचा कोन मोजला. चोवीस. जितका कमी तितकं छप्पर चांगलं, आणि चोवीस अगदी काठावर. "पिछले साल कितना था, उस पर सब कुछ है," ते म्हणाले. कोन कमी होत आला असेल तर छप्पर वाढतंय, थांबायचं. तेवढाच असेल तर वाढ थांबलीये, ऑपरेशन. जुन्या कागदावर कोन लिहिलेला नव्हता. गेल्या वर्षीची फिल्म आहे का?

आता खरं सांगते, त्या क्षणी भीतीच्या आत मला थोडा अभिमान वाटला. फिल्म आहे का, म्हणे. मी फाईल उघडली, हिरवा फ्लॅग काढला, तारखेचं पाकीट समोर ठेवलं. डॉक्टरांनी फिल्म काढून खिडकीपुढे धरली.

पांढरा त्रिकोण.

"इसमें तो लेफ्ट हिप है ही नहीं," ते म्हणाले. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मला संसदेचा प्रश्न आठवत होता, खांद्यावरचा फोन आठवत होता, आणि "हाडं छान दिसतायत" हे वाक्य. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते छोटं सेंटरही बंद पडलं होतं, आता तिथे मोमो मिळतात. डॉक्टर म्हणाले, शोधून पाहा. नाही मिळाली तर चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून तुलना करू. पण छप्पर वाढत नसेल तर ते चार महिने फुकट जातील. किंवा मग आत्ताच ऑपरेशनची तारीख धरून चालू. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. ती तारीख दिवाळीच्या अलीकडची असणार होती.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट, कारण आता ती लपवायला जागा नव्हती. "म्हणजे हाडं छान दिसत होती ती," त्या म्हणाल्या. एवढंच. मी वर्षभर ऐकून घ्यायला तयार होते, पण त्यांनी मटारची परात बाजूला सारली. उठून लाडवांचा जुना डबा काढला, ज्यात त्यांचे छाप असतात.

कमळ मिळालं. गोपद्म नव्हतं. ते खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना गेल्या दिवाळीत दिलं होतं. मी चपलाही न घालता जिना उतरले. त्या बाई रोज पहाटे दारात पिठाची अशी रांगोळी काढतात की ओलांडायला धीर होत नाही. त्यांना छाप देणं म्हणजे गवयाला शिट्टी देणं. त्यांनी तो मान राखून घेतला होता आणि वर्षभर फ्रीजवर जपून ठेवला होता, एकदाही न वापरता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दोन्ही तुकडे आम्ही ट्यूबलाइटपुढे जुळवून धरले. कमळाच्या भोकांत गुलाबी रांगोळी अडकलेली. गोपद्मं उजव्या मांडीवरून चालत गेली होती. डाव्या तुकड्यावर कमळ खाली, मांडीच्या हाडाच्या बाहेर, जिथे नुसता काळोख होता तिथे. खुबा आणि त्याच्यावरचं छप्पर तसंच्या तसं, एकही भोक नाही. "नशीब," नवरा म्हणाला. मीही तेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्याबरोबर आल्या. तुकडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरले होते, माझ्या हातात दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत. डॉक्टरांच्या खोलीच्या कोपऱ्यात फिल्म पाहायची जुनी दिव्याची पेटी होती, तिच्यावर आता सुट्ट्यांची यादी चिकटवलेली. डॉक्टरांनी यादी काढली, दोन्ही तुकडे चिकटपट्टीने जोडून तिच्यावर लावले आणि दिवा सुरू केला. भोकांतून उजेड आला आणि त्या खोलीत कमळ लागलं. मुलगी म्हणाली, "आजी, आपली रंगोली जल गई." म्हणजे पेटली. डॉक्टर आम्हाला भेटल्यापासून पहिल्यांदाच हसले.

मग त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली. एक रेघ या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत, कापलेल्या जागेवरून. दुसरी छपराच्या काठाने. मी मुलीचा हात इतका दाबला होता की ती म्हणाली, "मम्मा, दुखतंय." डॉक्टरांनी कोनमापक लावला, काढला, पुन्हा लावला.

"उनतीस," ते म्हणाले. "उनतीस से चौबीस। छत बन रही है।" एकोणतीसवरून चोवीस. ऑपरेशन नाही. पुढचा एक्स-रे दीड वर्षाने, एकच.

मी रडले. ऑफिसच्या बाईने रडू नये अशा ठिकाणी, अनोळखी माणसापुढे, सरळ रडले. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला आणि त्या डॉक्टरांकडेच पाहत राहिल्या, ते अजून पेटीपुढे उभे होते म्हणून. ते म्हणाले, "माताजी, क़िस्मत अच्छी थी। फूल ज़रा भी ऊपर होता तो छत में छेद हो जाते, मैं नाप नहीं पाता।"

"क़िस्मत नहीं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं हिंदी शाळेतलं आहे, प्रत्येक शब्द वेगळा उभा राहतो. "मुझे मालूम था, यह मेरी पोती की हड्डी है। उसमें गरम सुई कैसे चुभाती? इसलिए कमल नीचे सरका दिया।"

डॉक्टरांनी मान हलवली. कोपऱ्यातल्या कमळाचे मार्क कापणारी मी. वाया गेलेली म्हणून दिलेली फिल्म, कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही, आणि या बाईंनी हातातलं लाल दाभण थांबवून आधी हाड कुठे आहे ते पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी फाईल काढली. गेल्या वर्षीचं टिपण खोडायची आमच्याकडे पद्धत नाही. चूक असेल तर खाली नवं टिपण लिहायचं असतं. मी लिहिलं, "वरील नोंद चुकीची. एक्स-रे पुन्हा काढावा लागला तो माझ्या आग्रहामुळे. फिल्मची अदलाबदल माझ्याकडून. फिल्म सासूबाईंनी राखली." सही केली. जोडलेली फिल्म पाकिटात घातली, आणि यावेळी नवऱ्याला म्हटलं, "फोटो काढून ठेव." त्याने शहाण्यासारखा लगेच काढला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "आता छाप कशाचा करू?" मी दुसरी फिल्म दिली, आधी खिडकीशी नीट धरून पाहून, मग त्यांनाही दाखवून. खरोखरीची बाद, पांढऱ्या त्रिकोणाची. त्यांनी ती पाटावर ठेवली, चष्मा लावला आणि बराच वेळ कुठे टोचायचं ते बघत बसल्या. मग शिसं घसरून बसलं होतं त्या त्रिकोणावर बोट ठेवलं. तिथे हाड दिसतच नव्हतं. "इथे बसेल," त्या म्हणाल्या, आणि कमळ त्यांनी त्रिकोणाच्या बरोबर मधोमध काढलं.

दिवाळीच्या पहाटे मुलगी दारात उकिडवी बसली, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून, आणि छापावरून गुलाबी रंग तळहाताने घासत राहिली. आजीने शेजारी उभं राहून सांगितलं, दाबू नकोस, हलकेच. छाप उचलला तर कमळ स्वच्छ उमटलेलं. मग तिने दुसरं काढलं, मग तिसरं, जिन्यापर्यंत. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होते आणि रांगोळीकडे माझं लक्ष नव्हतं. ती अर्धा तास तशीच बसली होती आणि एकदाही पाय दुखतोय म्हणाली नाही.